माशांचे उटणे

भांडुप स्टेशनाबाहेरच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी आणि वेखंड अशी चार नावे घेतली, तेव्हा दुकानदाराने तराजू पुसता पुसता माझ्याकडे जरा चमकून पाहिले. २०१९ सालच्या जानेवारीचा दुसरा आठवडा होता.

"उटण्याला पाहिजे का? दिवाळी तर कधीच झाली की!"

खरे सांगायचा मला संकोच वाटला. मराठीचा अध्यापक माणूस. शब्दांच्या बाबतीत सहसा अडत नाही, पण त्या वेळी "औषधाला" असे काहीतरी पुटपुटलो. बरोबर मामा होते. मामांना संकोच ही चीज ठाऊक नाही. ते म्हणाले, "माशांना पाहिजे. आणि वेखंड कमी घाल. मासे म्हणजे काही तान्ही पोरं नव्हेत."

मला वाटले, आता हा हसणार. पण दुकानदाराने नुसते विचारले, "पवईला का?" आणि पुड्या बांधायला घेतल्या.

माझे मामा मूळचे चिपळूणचे, वाशिष्ठीच्या काठचे. मुंबईत आले, कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि निवृत्त झाले. पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. चिपळूणची वाशिष्ठी लांब राहिली, तेव्हा त्यांनी पवईचा तलाव जवळ केला. चाळीस वर्षे त्यांचा रविवार तिथे गेला आहे. कोकणातल्या माणसाप्रमाणे ते गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकून बसण्याला गरवणे म्हणतात. लहानपणी मला हा सारा आळशी माणसाचा उद्योग वाटे. काठावर पाच तास बसायचे, पाण्याकडे बघायचे आणि हात हलवीत घरी यायचे! कारण मामा धरलेला मासा कधी घरी आणीतच नसत. घरी मामी होती, आणि मामी माळकरी होती.

हा संसार कसा जमला हे मला नेहमी कोडे वाटे. मामी कराडकडची, वारकऱ्यांच्या घरातली. गळ्यात तुळशीची माळ. घरात मासळीचा वाससुद्धा येऊ द्यायची नाही. मामांनी लग्नानंतर दोन गोष्टी केल्या. घरचे मासे खाणे सोडले, आणि गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो तो कानशीने घासून टाकायला सुरुवात केली. फिटरच ते, त्यांना त्यात काय अवघड! उलटा काटा नसला की गळ माशाच्या ओठातून अलगद निघतो आणि मासा जिवंत पाण्यात सोडता येतो. आज शहरातले पुष्कळ हौशी गळवाले मासा धरून सोडून देतात आणि त्याला मोठे नाव देतात. मामांनी ते बायकोच्या धाकाने केले.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. माशांसाठी तलावाच्या तळाला जो चारा टाकायचा, ज्याला पवईची गळवाली मंडळी ग्राउंडबेट म्हणतात, तो सगळा मामीने कांडलेला असे. गळाला लावायचे आमिष वेगळे आणि हा चारा वेगळा. आमिष माशाला धरण्यासाठी. चारा माशाला बोलावण्यासाठी. मामी आमिषाच्या कणकेला हात लावीत नसे. चारा मात्र ती खलबत्त्यात घालून तास तास कांडत बसे. मी एकदा तिला विचारलेही होते. ती म्हणाली, "देहूला जाते तेव्हा इंद्रायणीत माशांना पिठाच्या गोळ्या टाकतेच की. माशांना जेवू घालणं पुण्याचं. पुढचं तुझ्या मामांनी आणि देवानं बघावं." वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे आहे, महाडजवळ वाळण कोंड आहे, तिथेही देवाचे म्हणून मासे राखलेले आहेत आणि लोक त्यांना हाताने खाऊ घालतात. त्या माशांना गळ लावण्याची कुणाची छाती होत नाही. मामीच्या हिशेबी पवई आणि देहू यांच्यात फक्त नवऱ्याचा तेवढा फरक होता.

मामी २०१७ च्या पावसाळ्यात गेली. त्यानंतरच्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, वाचा सुखरूप राहिली; पण उजव्या हाताची मूठ काही नीट वळेना. मुलगी सासरी, नाशिकला. मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊ लागलो. ते पाण्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. मग एके दिवशी एकदम म्हणाले, "प्रोफेसर, तुझे दोन हात मला चार-सहा दिवस उसने देशील?"

पहिला प्रयोग साफ फसला, आणि तो फसला माझ्या शहाणपणामुळे. मामांनी साहित्य सांगितले: भाजलेल्या चण्यांचे पीठ चार मुठी, शेंगदाण्याची पेंड दोन मुठी, तांदळाचा कोंडा एक मूठ, शिळ्या पावाचा चुरा एक मूठ, शिवाय भाजलेली मेथी, बडीशेप आणि वर सांगितलेली उटण्याची औषधे, चिमूट चिमूट. मी सगळे मिक्सरमध्ये घातले आणि पाच मिनिटांत मैद्यासारखी पूड करून दिली. घरभर असा वास सुटला की शेजारच्या काकू कोणाचे केळवण आहे म्हणून डोकावून गेल्या. मामांनी ती पूड डाव्या हाताच्या दोन बोटांत घेऊन चोळली आणि काही बोलले नाहीत. पवईला गेलो, चारा भिजवला, गोळे टाकले. पाण्यात दुधासारखा ढग झाला. चिमुकल्या माशांची झुंबड उडाली, चिलापीची पिल्ले पाण्यावर नाचली आणि अर्ध्या तासात सगळे सामसूम. मोठा मासा म्हणून एक आला नाही.

"धूर झाला," मामा म्हणाले. "जेवण नाही झालं."

मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि वीस वर्षे शिकवण्याचा धंदा करणाऱ्या मला कबूल केले पाहिजे की फार चांगले सांगितले. चाऱ्यात बारीक आणि जाड दोन्ही असावे लागते. बारीक पाण्यात पसरते, वास लांब नेते, माशाला वर्दी देते. जाड कण तळाशी जाऊन पडतात आणि वर्दी मिळालेला मासा तिथे रेंगाळतो. नुसते बारीक असेल तर मासा येऊन निघून जातो. नुसते जाड असेल तर त्याला कळतच नाही. खलबत्त्यात कांडले की आपोआप दोन्ही राहते, कारण हाताला कंटाळा असतो, यंत्राला तो नसतो. शिवाय मिक्सरच्या पात्यांनी पूड गरम होते आणि जटामांसीचा, कापूरकाचरीचा वास तिथेच उडून जातो.

माळ्यावरून मामीचा खलबत्ता काढला. लोखंडी, जड. दोन वर्षांची धूळ पुसली. मामांच्या गॅलरीत बसून मी कांडायला सुरुवात केली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी काठीने छत ठोकून निषेध नोंदवला. पेंड आदल्या रात्री वेगळी भिजत घातली होती. मेथी मी भाजली, मामा उभे राहून लक्ष ठेवून होते; मेथी करपली की चारा कडू होतो आणि कडू चारा मासा तोंडात घेऊन थुंकतो.

मी माझ्या मुठीने माप घेत होतो. चार मुठी टाकल्या तेव्हा मामांनी मला थांबवले.

"जास्त झालं."

"चारच टाकल्या, मामा."

"तुझ्या चार. तिच्या चार पाहिजेत."

चाळीस वर्षे त्या घरात मूठ म्हणजे मामीची मूठ होती. मामांच्याही ते तोवर ध्यानात आले नसावे. कारण बोलून गेल्यावर ते आत जाऊन पाणी पिऊन आले. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब केला, आणि मामीची मूठ म्हणजे माझी पाऊण असे ठरवले.

हा मसाला मुळात आला कुठून, याचीही एक हकीकत आहे. पवईत गळाला लागणारे मोठे मासे म्हणजे रोहू, कटला, मृगळ. हे आपल्याकडचे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले. माणसाने इकडच्या तळ्यांत आणून सोडलेले. साठलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत, त्यांना वाहता पूर लागतो. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मस्तकातल्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण तळ्यात घडवून आणली, आणि तेव्हापासून त्यांचे बीज देशभर पोचवणे सोपे झाले. मासे जिथले, मसालाही तिथलाच. बंगालात या चाऱ्याला 'चार' म्हणतात, आणि तो करणे ही तिकडे एक विद्याच आहे. मोहरीची पेंड, सातू, मेथी, जटामांसी, एकांगी नावाचे एक सुगंधी मूळ, तूप कढवल्यावर उरते ती बेरी. आणि गळाला लावायला तांबड्या मुंग्यांची अंडी. मामांना हे एका बंगाली बाबूंनी शिकवले. तेही रविवारी पवईला येत. पण एकांगी मुंबईत मिळेना. बाबू कलकत्त्याहून ती मागवीत, आणि पावसाळ्यात पार्सल बुरसून येई. मामांनी एकांगीचा तुकडा घरी आणून मामीला हुंगवला. मामीने तो हुंगला, जरा विचार केला आणि दिवाळीच्या उटण्याच्या डब्यातून कापूरकाचरी काढून पुढे केली. तेव्हापासून मामांचे मासे वर्षभर अभ्यंगाचा वास घेत आले आहेत.

आता पवईविषयी थोडे. कांजूरमार्गकडून जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने जाताना गांधीनगर मागे पडले की वाहनांचा कल्लोळ सुरू होतो, आणि त्या कल्लोळाला खेटूनच तलाव पसरलेला आहे. एका अंगाला आय. आय. टी.ची झाडी, दुसऱ्या अंगाला गगनचुंबी इमारतींची रांग. १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी हा बांधला, विहार आणि तुळशी या तलावांच्या नंतर. पण याचे पाणी पिण्याजोगे काही टिकले नाही. विहार आणि पवई भरून वाहिले की त्या पाण्याची मिठी नदी होते. भाद्रपदात इथे गणपती बुडतात. सांडपाणी येते, जलपर्णी माजते, ती काढतात, पुन्हा माजते. मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते ओंडकेच वाटले होते. मामांनी माझा दंड धरून मागे ओढले. असल्या पाण्यात मासे राहतात हेच आश्चर्य, आणि त्या माशांसाठी माणसे जटामांसी कांडतात हे त्याहून मोठे. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संस्था या काठालाच आहे. तिथली जुनी मंडळी मामांना ओळखतात. दोन वर्षांनी त्यांना पाहून कोणी काही विचारले नाही. एकाने फक्त आपली घडीची खुर्ची उचलून त्यांच्या नेहमीच्या जागी नेऊन ठेवली.

चारा भिजवायचा तो काठावर, आणि तलावाच्याच पाण्यात. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो असे मामांचे म्हणणे. पाणी एकदम ओतायचे नाही. शिंपडायचे, बोटांनी चाळवायचे, मग पाव तास तसेच ठेवायचे. कारण कोंडा आणि पाव सावकाश पाणी पितात, आणि जो गोळा आता नेमका वाटतो तो पाव तासाने ठणठणीत कोरडा निघतो. मग पुन्हा शिंपडायचे आणि गाठी राहू नयेत म्हणून मोठ्या भोकांच्या चाळणीतून चारा काढायचा. ज्याला बेसनाचा लाडू वळता येतो त्याला हे जमते. लाडू मुठीत आवळला की एकजीव व्हावा आणि अंगठ्याने दाबला की भुगा व्हावा. काठाजवळ गुडघाभर पाण्यात एक सोडून पाहायचा. तळाला अखंड पोचला पाहिजे आणि तिथे गेल्यावर उमलला पाहिजे. वरच फुटला तर वरचे छोटे मासे खातात. उमललाच नाही तर तो दगड. वाहत्या नदीत हाच चारा माती घालून जड करतात, नाहीतर प्रवाह तो भलत्याच्या दारात नेऊन टाकतो.

मी वळायचो, मी फेकायचो, मामा जागा सांगायचे. समोरच्या काठावरचे एक ताडाचे झाड आणि त्याच्या मागच्या एका मनोऱ्याची कड अशी एका रेषेत आणायची, आणि त्या रेषेवर वीस पावले. दर वेळी तिथेच. पहिल्या दिवशी माझे लाडू अर्ध्या तलावावर विखुरले. "अरे, पंगत एका जागी मांडतात," मामा म्हणाले, "घरोघर ताटं पोचवायची नसतात."

जागा लावणे असे याला म्हणतात. ओळीने तीन दिवस, एकाच वेळी, एकाच जागी, गळ न टाकता नुसता चारा टाकायचा. आम्ही संध्याकाळी जात होतो. हिवाळ्याचे दिवस, म्हणून लाडू लिंबाएवढे आणि संख्येने सहा. उन्हाळ्यात हेच मोसंबीएवढे आणि डझनभर चालतात. पाणी गार असले की मासा मंदावतो, त्याची भूक मंदावते. आणखी एक गोष्ट मला नंतर पुस्तकात कळली, पण मामांना ती अनुभवाने माहीत होती. या कार्प जातीच्या माशांना जठरच नसते. आपल्यासारखे एकदा भरपेट जेवून पडून राहणे त्यांना जमत नाही. ते थोडे थोडे पण सतत खात हिंडतात. म्हणून चारा भूक चाळवण्यापुरता द्यायचा, भागवण्याइतका नाही. हौशी माणूस इथेच चुकतो. तो पाच किलो चारा आणतो आणि सगळा ओततो. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, आणि ज्यांना जेवायला बोलावले त्यांचाच श्वास कोंडतो. पवईच्या तळाशी शहराने आधीच इतके कुजवून ठेवले आहे की त्यात आपली भर घालायची मामांना लाज वाटते.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या मनातले विचारले. "मामा, तीन दिवस जेवू घालायचं आणि चौथ्या दिवशी त्याच ताटात गळ ठेवायचा, हा विश्वासघात नाही का?"

मामा पाण्याकडे बघत म्हणाले, "तू पोरांना वर्षभर शिकवतोस आणि शेवटी परीक्षा घेतोस. ते काय आहे?"

उत्तर चपखल होते, पण मला पटले नाही, आणि मला वाटते त्यांनाही ते पुरते पटलेले नव्हते. कारण थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "ती कधीच काठावर आली नाही. चाळीस वर्षांत एकदासुद्धा नाही. कांडून द्यायची आणि दार लावून घ्यायची."

आता मला माझ्या विषयाकडे एक फेरी मारून येऊ द्या. एम. ए.च्या वर्गात 'मानसोल्लास' हे नाव आले की आम्ही अध्यापक ठरलेली माहिती सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मुंबईकराला आठवते ते लोकलचे जंक्शन नव्हे. ग्रंथ संस्कृत, शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ चा. त्यात मराठी पदांचे जुने नमुने सापडतात, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद सापडते. ओवीच्या इतिहासाला ही नोंद मोलाची, म्हणून विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मीही विद्यार्थी असताना तेच केले आणि अध्यापक झाल्यावर तेच करवले.

त्या जानेवारीत, गॅलरीत कांडता कांडता, मला ती नोंद आठवली. मामी कांडताना गुणगुणत असे. काय म्हणायची ते कोणी नीट ऐकले नाही. खलबत्त्याच्या आवाजात ते बुडून जाई. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातून मी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतली श्रीगोंदेकरांची प्रत काढली, ओवीची जागा पुन्हा पाहावी म्हणून. पाने उलटताना एका प्रकरणाच्या नावावर नजर अडकली. मत्स्यविनोद! राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकींची, वर्णने आहेत, त्यांतला हा एक. कोणकोणत्या जातीचे मासे, ते कुठे राहतात, गळ कसा, दोरी कशाची, काठी कशी. आणि कोणत्या माशाला पिठाचे गोळे घालावेत व कोणत्याला मांस. वीस वर्षे जो ग्रंथ मी मराठीचा म्हणून शिकवीत होतो, त्यात माझ्या मामांचा सगळा रविवार लिहून ठेवलेला होता. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेखही लिहिला आहे. म्हणजे माशांचा अभ्यास करणाऱ्यांना ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हा मराठीवाल्यांना. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या तळ्यांत गळ टाकण्यावर १८८७ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि इंग्रजी वाचणारे गळवाले त्याचे नाव आदराने घेतात. सोमेश्वर त्याच्या साडेसातशे वर्षे आधीचा.

मी तिसऱ्या संध्याकाळी मोठ्या उत्साहाने हे मामांना सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले. पिठाच्या गोळ्यांना मान डोलावली. मांसाच्या चाऱ्याला म्हणाले, "बरोबर. मरळीला, शिंगटीला लागतंच." मग विचारले, "राजा होता ना तो?"

"हो."

"मग त्याचा चारा कुणी कांडला, ते लिहिलंय का?"

मी पुस्तकात तसे काही वाचले नव्हते. मत्स्यविनोद एकीकडे, कांडणाऱ्या बायकांची ओवी दुसरीकडे. तसे मी सांगितले.

"वाटलंच," मामा म्हणाले.

चौथ्या दिवशी, शनिवारी, आम्ही पहाटे गेलो. थंडी होती, पाण्यावर धुके. पाणकावळे खांबावर पंख पसरून बसले होते. मी दोनच लाडू टाकले, ताड आणि मनोरा यांच्या रेषेवर, आणि या वेळी ते माझ्याही अपेक्षेपेक्षा नेमके पडले. मामांनी काही म्हटले नाही. मामांकडून एवढी शाबासकी पुष्कळ झाली. गळाला कणकेची गोळी त्यांनी डाव्या हाताने स्वतः लावली. आमिषही चाऱ्याच्याच चवीचे. चार दिवस ज्या चवीची ओळख झाली तीच पुढे आली पाहिजे.

साधारण साडेसातला पाण्यावर बुडबुडे आले. एक, मग चार, मग बारीक बारीक अनेक, एका ओळीत सरकणारे. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तळाची माती तोंडाने उकरणारा मासा असे बुडबुडे सोडतो. कटला नव्हे, त्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या पाण्यातला. रोहू किंवा मृगळ. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला, तो तळ झाडणाराच. आम्ही श्वास धरून बसलो. मी आयुष्यात अनेक सभांना बसलो आहे, पण इतक्या एकाग्रतेने कधी बसल्याचे आठवत नाही. फ्लोट एकदा थरथरला, आडवा झाला आणि सावकाश पाण्याखाली गेला.

मामांनी डाव्या हाताने काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली. रीळ कर्र कर्र ओरडू लागले. मासा चांगला मोठा होता. दूर एकदा पाणी फुटले आणि त्याची तांबूस पाठ दिसली. रोहू. आता रीळ फिरवायला उजवा हात हवा. मामांनी तो मुठीवर नेला, बोटे वळवली, बोटे अर्धी वळली आणि सटकली. पुन्हा नेला, पुन्हा सटकली. मी उठलो. "द्या मामा, मी धरतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिसऱ्यांदा त्यांनी रीळाची मूठ तळहाताने ढकलून अर्धा फेरा फिरवला. तेवढ्यात मासा आमच्याकडे वळला, दोरी सैल पडली. उलटा काटा नसलेल्या गळाला सैल दोरी चालत नाही. काठी एकदम सरळ झाली.

बराच वेळ आम्ही दोघेही त्या दोरीकडे बघत राहिलो. मला काय बोलावे ते सुचेना. मामांनी गळ हळूहळू जवळ घेतला, कणीक गेलेली पाहिली आणि तो शर्टाच्या कडेला पुसला.

"जेवून गेला," ते म्हणाले. आणि हसले. मामी गेल्यापासून ते तसे हसलेले मी पाहिले नव्हते.

नंतर ऊन चढेपर्यंत बसलो. एक मृगळ लागला, किलोभराचा असेल. तो त्यांनी मला ओढू दिला. ओल्या हातांनी धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो, असे सांगून पाण्यातच सोडायला लावला. डब्यात दोन मुठी चारा उरला होता, माझ्या मुठी. मी झाकण लावू लागलो तर मामा म्हणाले, "घरी न्यायचा नाही. तिची ताकीद होती." लाडू न वळता त्यांनी तो डाव्या हाताने कुस्करून काठाजवळच्या उथळ पाण्यात पसरला. चिलापीच्या पिल्लांची पुन्हा झुंबड उडाली.

सोमवारी सकाळी पहिला तास होता. मी घोटून हात धुतले होते, तरी फळ्यावर लिहिताना बोटांना जटामांसीचा वास येतच होता. पुढच्या बाकावरच्या दोन मुली आपसांत काही कुजबुजून हसल्या. मी कारण विचारले. एक उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुमच्याकडे अजून दिवाळी चालू आहे का?"